पायऱ्या उतरताना मांड्या का थरथरतात?

वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं हातापायांच्या दुखण्याची आहेत. कुणी यात्रेला चालून आलंय, कुणी भरतीसाठी धावतंय, कुणी केळीचे घड वाहतंय. दुखणं वरवर सारखं वाटलं तरी काही दुखणी चार दिवसांत आपोआप जातात, आणि एक-दोन अशी आहेत की त्यात तासाचाही उशीर परवडत नाही. म्हणून उत्तरं सविस्तर दिली आहेत.

चैत्रात आमच्या गावातून सप्तशृंगी गडावर पायी यात्रा जाते. चालताना किंवा गड चढताना फार त्रास होत नाही. दर्शन घेऊन पायऱ्या उतरायला लागलं की मात्र मांड्या थरथरतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात खाली बसता येत नाही. जाऊबाई म्हणतात, चढायलाच जास्त ताकद लागते, तेव्हा दुखणं चढण्याचंच असणार. खरं काय?
— एक वाचक, पारोळा

जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे. चढायला दम जास्त लागतो, पण दुखणं उतरण्याचं आहे.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि अंग वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेक होतो. गुडघा वाकत असतो, अंगाचं वजन खाली येत असतं आणि ते वजन धरून ठेवत स्नायू लांबत जातो. जोर लावलेला असतानाच लांबणं स्नायूला सर्वांत जास्त भोवतं.

का भोवतं, ते त्याच्या बांधणीवरून कळतं. स्नायूचा एक तंतू केसाइतका किंवा त्याहून बारीक असतो. त्याच्या आत एकाला एक जोडलेले सूक्ष्म कप्पे असतात. एक कप्पा साधारण अडीच मायक्रोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटर लांबीत असे ४०० कप्पे. प्रत्येक कप्प्यात मायोसिनचे जाड आणि अॅक्टिनचे बारीक धागे एकमेकांत सरकतात, आणि त्यातूनच जोर तयार होतो. सगळे कप्पे सारखे दणकट नसतात. वजन धरून तंतू लांबायला लागला की दुबळे कप्पे आधी ताणले जातात, त्यांतले धागे एकमेकांतून निसटतात आणि दोन कप्प्यांमधली सरळ रेषेतली भिंत वेडीवाकडी होते. तंतूच्या आवरणाला बारीक चिरा पडून बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम मिळालं की कामाला लागणारी काही विकरं (एन्झाइम्स) आतच असतात, ती तिथली प्रथिनं कुरतडतात. मग पांढऱ्या पेशी साफसफाईला येतात, सूज येते आणि वेदनेच्या नसा हळव्या होतात. एवढं सगळं व्हायला वेळ लागतो. म्हणून हे दुखणं त्याच दिवशी जाणवत नाही. १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि पाच-सात दिवसांत ओसरतं.

उतरण्यात आणखी एक फसगत आहे. तेवढंच वजन पेलायला उतरताना चढण्यापेक्षा कमी तंतू कामाला लागतात, म्हणून प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो. ऑक्सिजन मात्र खूपच कमी लागतो. चढताना दम लागला की माणूस थांबतो. उतरताना दम लागत नाही, त्यामुळे पाय थरथरेपर्यंत कुणी थांबत नाही. थरथर सुरू झाली म्हणजे स्नायूची ताकद तेव्हाच घटलेली असते. अशा वेळी कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरा. पडण्याचा धोका खरा असतो तो याच क्षणी.

पुढच्या वर्षीची तयारी यात्रेच्या सहा आठवडे आधी सुरू करा. घराच्या ओट्याची किंवा जिन्याची सुमारे १५ ते २० सेंटिमीटर उंचीची एक पायरी पुरते. पायरीवर उभं राहा, भिंतीला हात लावा आणि एक पाय खाली नेताना तीन मोजा. घाईनं पाय टाकायचा नाही, हळू उतरणं हाच व्यायाम आहे. वर येताना दोन्ही पायांचा आधार घेतला तरी चालेल. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पायानं ८ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनच दिवस. पुढे वाढवत १२ वेळा, तीन फेऱ्या. पहिल्यांदा केल्यावर थोडं दुखेल, दुसऱ्यांदा त्याच्या निम्मंही दुखणार नाही. स्नायूला एकदा असा सौम्य अनुभव मिळाला की त्याचं संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. नुसतं सपाट रस्त्यावर रोज पाच किलोमीटर चालून हे मिळत नाही, आणि यात्रेची तयारी करणारे नेमके इथेच चुकतात. निघण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात हा व्यायाम बंद ठेवा.

पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करतोय. कापूस वेचणीत दोन महिने सराव बंद होता. परत सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी पाय उचलेनात. मैदानावरची पोरं म्हणतात लॅक्टिक अॅसिड साचलंय, आणखी पळून जिरव. काही जण रोज दुखण्याची गोळी घेऊनच पळतात. काय करू?
— एक वाचक, अमळनेर

तिसऱ्या दिवशीचं दुखणं लॅक्टिक अॅसिडचं नाही. जोरात पळताना रक्तात लॅक्टेट, म्हणजे त्या अॅसिडचंच रक्तातलं रूप, वाढतं हे खरं, पण थांबल्यावर तासाभरात ते पूर्ववत होतं. हृदय आणि दुसरे स्नायू तर ते इंधन म्हणून वापरून टाकतात. तिसऱ्या दिवशी जिरवायला काही शिल्लकच नसतं. तुमचं दुखणं वरच्या उत्तरात सांगितलेल्या बारीक इजेचं आहे. पळताना प्रत्येक पाऊल टेकलं की मांडी आणि पोटरी ब्रेक लावतात.

त्या दिवशी सावकाश चाला किंवा सायकल चालवा. रक्तपुरवठा वाढून थोडा वेळ बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. वेगाचा सराव मात्र चाल सहज होईपर्यंत नको. दुखरा स्नायू पूर्ण जोर देत नाही, धावण्याची ढब बिघडते आणि दुसराच एखादा भाग लचकतो.

दोन महिन्यांच्या खंडानंतर पहिला आठवडा आधीच्या सरावाच्या निम्म्यावर ठेवा. वेगाचे दिवस आठवड्यात दोन, दोन्हींमध्ये किमान ४८ तास. बाकीचे दिवस बोलता येईल इतक्या हळू वेगात धावा. हे हळू धावणं वाया जात नाही. त्यानंच तंतूंभोवती केशवाहिन्या वाढतात आणि तंतूंच्या आत मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जेच्या भट्ट्या, वाढतात. १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत उपयोगी पडतं ते हेच. याला सहा ते आठ आठवडे लागतात, भरतीची तारीख लागल्यावर पंधरा दिवसांत ते होत नाही. भरतीतल्या गोळाफेकीचं गणित वेगळं. ताकदीच्या व्यायामात पहिल्या चार-सहा आठवड्यांत जी वाढ दिसते ती मुख्यतः मज्जासंस्थेची असते, जास्त तंतू एकदम कामाला लावायला ती शिकते. दंड जाड होतो तो त्यानंतर.

रोज गोळी घेऊन पळणं आजच थांबवा. गोळीनं इजा कमी होत नाही, फक्त तिची खबर मिळणं बंद होतं. घाम गाळलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करते. तो धोका किती मोठा होऊ शकतो, ते पुढच्या पत्रात पाहा.

धाकटा भाऊ या मे महिन्यात पहिल्यांदाच केळी कापणीच्या टोळीबरोबर गेला. दोन दिवस डोक्यावर घड वाहिले. तिसऱ्या दिवशी खांदे आणि मांड्या दगडासारख्या झाल्या, हात वर जाईना, लघवी कोऱ्या चहासारखी झाली. गावात कावीळ म्हणून झाडपाला दिला. दवाखान्यात नेल्यावर स्नायू फुटल्याचं सांगितलं आणि पाच दिवस सलाईन चाललं. आता बरा आहे. हे काय होतं, आणि तो परत कामावर जाऊ शकतो का?
— एक वाचक, रावेर

भाऊ वाचला तो दवाखान्यात नेल्यामुळे. यापुढे गावात कुणाला अंगमेहनतीनंतर अशी लघवी झाली तर झाडपाला नको, थेट मोठा दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

वर सांगितलेली इजा बारीक असेपर्यंत शरीर ती सहज भरून काढतं. एकाच वेळी स्नायूचा मोठा भाग फुटला तर आतला माल रक्तात उतरतो. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. मायोग्लोबिन लघवीला तांबूस-काळा रंग देतं आणि मूत्रपिंडाच्या नळ्या तुंबवतं. पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. आणि क्रिएटिन कायनेज, ज्याला तपासणीच्या कागदावर सीके किंवा सीपीके लिहितात, ते निरोगी माणसात साधारण २०० युनिटच्या आत असतं. अशा रुग्णात ते हजारांत जातं. ५००० च्या वर गेलं की मूत्रपिंडाला धोका वाढतो. सलाईन भरपूर देतात ते याचसाठी, नळ्या धुऊन निघाव्यात म्हणून. काविळीशी गल्लत होण्याचं आणखी एक कारण म्हणजे लिव्हरच्या तपासणीत मोजतात ती एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरं स्नायूंतही असतात. स्नायू फुटला तरी ती वाढतात. काविळीत डोळे पिवळे होतात, इथे ते पांढरेच राहतात आणि स्नायू दुखतात.

टोळीतल्या जुन्या माणसांना हे का झालं नाही आणि भावालाच का झालं? २०-२५ किलोचा घड डोक्यावर घेऊन सरीवरंब्यातून गाडीपर्यंत चालणं, घड खाली घेताना हात हळूहळू लांबवणं, ही सवयीच्या अंगाला रोजची गोष्ट आहे. नव्या अंगाला नाही. त्यात रावेर-भुसावळकडचा ४४ अंशांचा उन्हाळा. अंग तापलेलं, पाणी कमी प्यायलेलं आणि अशात वेदनेची गोळी किंवा संध्याकाळची दारू यांची भर पडली, की मूत्रपिंडाला बचावाला जागा राहत नाही.

परत जाता येईल, पण सीके आणि मूत्रपिंडाची तपासणी पूर्ववत झाल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर. उन्हात नवीन माणूस लावण्याची एक मान्य पद्धत आहे, ती मुकादमालाही सांगा. पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्सा, मग रोज तेवढीच भर, म्हणजे पाचव्या दिवशी पूर्ण काम. तहान लागो न लागो, दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी. घाम फार जात असेल तर मधून मधून ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक. पण तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी रिचवू नका, रक्तातलं मीठ पातळ होतं. आणि लघवीचा रंग रोज पाहायचा. गडद पिवळा दिसला तर पाणी वाढवा. तांबूस किंवा काळपट दिसला तर काम तिथेच थांबवा.

आखाड्यात सराव करताना मांडीच्या मागे 'कट्' आवाज झाला. वस्तादांनी लगेच गरम तेलानं रगडून घेतलं. रात्री सूज वाढली, चौथ्या दिवशी गुडघ्यामागे काळंनिळं उतरलं. जत्रेची कुस्ती पाच आठवड्यांवर आहे.
— एक वाचक, धुळे

वस्तादांचा हेतू चांगला, वेळ चुकली. मागच्या मांडीचा स्नायू साधारणपणे कंडरेला, म्हणजे त्याला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, जोडतो तिथे फाटतो आणि आत रक्तस्राव होतो. पहिल्या ४८ ते ७२ तासांत शेक आणि रगडणं दोन्ही वर्ज्य. मार लागलेली मांडी वारंवार रगडली तर क्वचित तिथे हाड धरतं. तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेत ते दिसतं आणि मग महिनोन्‌महिने त्रास देतं. काळंनिळं खाली उतरलं त्याला घाबरू नका, ते जुनं रक्त उताराकडे गेलंय.

पण हे आधी तपासा. बसायच्या हाडापाशीच आवाज झाला होता का, बोटाला खड्डा लागतो का, पायावर उभंच राहता येत नाही का? यातलं एकही असेल तर याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी किंवा एमआरआय करा. कंडरा हाडापासून पूर्ण निघाली असेल तर शस्त्रक्रिया लवकर झालेली बरी.

तसं नसेल, तर आत काय चाललंय ते दिवसांच्या हिशेबानं समजून घ्या. पहिले दोन-तीन दिवस मेलेले तुकडे उचलले जातात. त्याच वेळी तंतूच्या आवरणाला चिकटून झोपलेल्या राखीव पेशी जाग्या होतात. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या प्रथम दाखवल्या. या पेशी दुप्पट-चौपट होतात, एकमेकींत मिसळतात आणि पाच-सात दिवसांत नवे कोवळे तंतू दिसू लागतात. शेजारी वणाची जाळीही विणली जाते. पहिले दहा दिवस ही जाळीच सगळ्यांत कच्ची असते. म्हणून या काळात ताणायचं नाही. पण पडूनही राहायचं नाही, कारण हालचालच मिळाली नाही तर नवे तंतू ओढीच्या दिशेला लागत नाहीत आणि वण जाड होतो.

पहिले तीन दिवस क्रेप बँडेज, कापडातून १०-१५ मिनिटं बर्फ, छोट्या पावलांनी चालणं. चौथ्या दिवसापासून उताणं झोपून गुडघा थोडा वाकवा, टाच जमिनीत दाबा, ५ ते १० सेकंद धरा, १० वेळा. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं पाहिजे. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून पाठीवर झोपून कंबर उचलणं, आधी दोन पायांवर, मग एकावर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लांबवणारा व्यायाम: गुडघे गादीवर टेका, साथीदारानं घोटे घट्ट धरावेत, अंग सरळ ठेवून शक्य तितकं हळू पुढे झुकत जा आणि हातांवर पडा. ४ ते ५ वेळा, दोन फेऱ्या, पुरेत. खेळाडूंमध्ये हा एक व्यायाम नियमित ठेवल्यानं मागच्या मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या आहेत, तेव्हा बरं झाल्यावरही तो सोडू नका.

जत्रेची कुस्ती धरायची की नाही? हलकी इजा एक ते तीन आठवड्यांत सुधारते, मध्यम इजेला चार ते आठ लागतात. काळंनिळं इतकं उतरलंय म्हणजे तुमची मध्यम धरून चाला. दाबल्यावर दुखत नाही, दोन्ही पाय सरळ उचलल्यावर सारखेच वर जातात, जोर दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आलाय आणि पूर्ण वेगात पळता येतं, या चारही गोष्टी जमल्या तरच उतरा. एक जरी राहिली तर यंदा बघायला जा. हा स्नायू दुसऱ्यांदा फाटतो तेव्हा बहुधा जुन्या वणाशेजारीच फाटतो.

वडील ६८ वर्षांचे, वजन ६० किलो. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे अंथरुणावर होते. एक मांडी अर्धी झाली. या वयात ती भरेल का? मटण-अंडी घरात चालत नाहीत.
— एक वाचक, शहादा

भरेल. नव्वदीतल्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे वजनाचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या मांडीची ताकद दुपटीपेक्षा जास्त झाली. ते काम १९९० मध्ये प्रसिद्ध झालं आहे. वय झालं तरी स्नायू ऐकतो, फक्त त्याला सांगावं लागतं. पडून राहिलं की तो झपाट्यानं जातो. तरुण माणसाचा पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला तरी मांडीची ताकद पाचव्या हिश्शाहून जास्त घटते.

पायावर किती भार द्यायचा ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. तोपर्यंत गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा, ५ सेकंद, १० वेळा, दिवसातून चारदा. परवानगी मिळाली की उंच, हातांच्या खुर्चीतून उठणं आणि तीन मोजत बसणं, ५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

खाण्यात या वयाला, व्यायाम चालू असताना, वजनाच्या दर किलोला १.२ ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे वडिलांना ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्याकडची कळण्याची भाकरी इथे फार कामाची. तीन भाग ज्वारीला एक भाग उडीद दळला की १०० ग्रॅम पिठात १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात, नुसत्या ज्वारीत १० येतात. शिवाय ज्वारीत कमी पडणारं लायसिन, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, उडीद भरून काढतो. दिवसभरात दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरींतून २०, तुरीच्या घट्ट वरणाच्या दोन वाट्यांतून १३, दोन पेले दुधातून १६, मूठभर शेंगदाण्यांतून ७, वाटीभर दह्यातून ७. उरलेले ९-१० ग्रॅम ५० ग्रॅम पनीरमधून येतील. रात्री सगळं एकदम नको, तिन्ही वेळांत वाटून द्या. रात्रीच्या जेवणात वरण आणि सकाळी नुसता चहा-पाव, असं बहुतेक घरांत चालतं. ते आधी बदला.

जिमला जायला लागून तीन महिने झाले. आता दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही. व्यायाम फुकट चाललाय का?
— एक वाचक, भुसावळ

नाही. दुखणं आणि वाढ यांचा थेट संबंध नाही. न दुखवताही स्नायू वाढतो. वहीत वजन आणि किती वेळा उचललं ते लिहा. महिन्याभरात तो आकडा वाढत असेल तर सगळं ठीक आहे.

मुलगा साडेचार वर्षांचा. टाचा न टेकवता चालतो, वारंवार पडतो, खालून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात ठेवत उठतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या आहेत. रक्तात एसजीपीटी वाढलंय म्हणून लिव्हरची औषधं चालू आहेत. घरचे म्हणतात, जिना चढ-उतर करवून घ्या, पायात बळ येईल.
— एक वाचक, चोपडा

ताई, जिन्याचा व्यायाम आज थांबवा आणि या आठवड्यात सीपीके तपासा. साधी रक्ततपासणी आहे, जळगावात सहज होते. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं एकत्र आली की डुशेन या स्नायूंच्या आजाराची शंका घ्यावी लागते. नुसत्या पत्रावरून निदान होत नाही, पण यात वाट पाहू नये.

या आजारात डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन तयार होत नाही. तंतूच्या आतला सांगाडा त्याच्या आवरणाशी बांधून ठेवणं हे त्याचं काम. ते नसलं की साधं चालतानाही आवरण चिरतं. राखीव पेशी पुन्हा पुन्हा दुरुस्ती करतात, पण चिरणं थांबत नाही, दुरुस्ती मागे पडते आणि स्नायूच्या जागी चरबी व वण भरतो. पोटऱ्या भरलेल्या दिसतात त्यामुळेच. निरोगी माणसाला बळ देणारं उतरणं या मुलांना इजा करतं. जिने, उठाबशा, उड्या टाळायच्या. सपाटावर चालणं, खेळणं, पाण्यात डुंबणं चालू ठेवायचं, थकेपर्यंत नाही.

सीपीके हजारांत आलं तर एसजीपीटी बहुधा लिव्हरचं नसून स्नायूंचं आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. पुढची पायरी डिस्ट्रोफिनच्या जनुकाची तपासणी, तीही रक्तावर होते, आणि बालमज्जातज्ज्ञांची भेट. योग्य वेळी सुरू केलेल्या स्टिरॉइडनं चालणं काही वर्षं जास्त टिकतं, म्हणून महिने महत्त्वाचे आहेत. हृदयाची तपासणी निदानापासूनच सुरू होते. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना ही शंका सांगा, काही भूल-औषधं या मुलांना घातक ठरतात. आजार बहुतेक वेळा आईकडून येतो, पण साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये बदल नव्यानं झालेला असतो. तपासणीआधी घरात कुणी कुणाला बोल लावू नये. निदान पक्कं झालं तर तुमची आणि तुमच्या बहिणींचीही तपासणी करून घ्या.